चोडणच्या खारफुटीत कयाक: एकाच खाडीतील दोन सकाळी

नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, माझे पती, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, कोल्हापूरहून आंबोली घाटमार्गे गोव्यात गेलो आणि चार दिवस रायबंदरला राहिलो. समुद्रकिनारे याआधी दोनदा पाहून झाले होते, म्हणून या वेळी मांडवीकाठची गावे, बेटे, एखादे जुने देऊळ, जुन्या गोव्यातील चर्च आणि खारफुटीतून कयाक (वल्ह्यांनी चालवायची छोटी होडी) चालवणे एवढाच बेत आखला होता. बाकीच्या स्थळदर्शनाविषयी थोडक्यातच लिहिते. हा अभिप्राय मुख्यतः कयाकच्या फेरीविषयी आहे, कारण ती फेरी आम्ही एकाच खाडीत लागोपाठ दोन दिवस केली, पहिल्या दिवशी अवेळी आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर, आणि त्या दोन सकाळींतला फरक पाहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की खारफुटीतल्या फेरीसाठी पैसे भरताना दराच्याही आधी भरतीची वेळ विचारून घ्यावी.

राहण्यासाठी रायबंदर निवडले याचे समाधान वाटते. पणजीहून इकडे येणारा रस्ता पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बांधावरून येतो. सकाळी या रस्त्याने गेलात तर मांडवीचे पात्र, काठची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, आणि मिठागरांचे चौकोन असे सगळे एका नजरेत येते, आणि जवळजवळ चार शतके हा बांध भरतीच्या पाण्यात कसा टिकून राहिला असेल, हा प्रश्न मुलांच्याही मनात आपोआप येतो. आमच्या मुक्कामाच्या घरापासून मांडवीतल्या चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का चालत दहा मिनिटांवर होता. गाडी रायबंदरलाच ठेवून पायी फेरीबोटीत चढणे सर्वांत सोयीचे, कारण सकाळी धक्क्यावर वाहनांची रांग लागते आणि चोडणला उतरल्यावर आयोजकांची गाडी न्यायला येते.

बुकिंग एका छोट्या स्थानिक व्यवसायाकडे दूरध्वनीवरून केले होते. मोठ्यांसाठी माणशी १,५०० रुपये आणि मुलासाठी १,००० रुपये, असे एकूण ७,००० रुपये झाले, आणि त्यात दोन तासांची फेरी, लाइफ जॅकेट, गाइड आणि शेवटी चहा-नाश्ता होता. फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीने सासूबाईंचे वय, कोणाला पोहता येते, कोणाला गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आहे का, हे सगळे आपणहून विचारले. हे मला आवडले. सकाळी साडेसातला चोडणच्या धक्क्यावर या, एवढे त्यांनी सांगितले. मात्र साडेसातच का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आम्ही सव्वासातलाच पोहोचलो. आठ वाजले, साडेआठ वाजले, तरी गाडीचा पत्ता नव्हता. दोनदा फोन केल्यावर कळले की किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून येणारा नऊ जणांचा गट उशिरा निघाला असून गाडी त्यांच्यासाठी थांबली आहे. प्रत्यक्ष पाण्यात उतरायला नऊ वाजून गेले. एखाद्या किल्ल्यावर किंवा संग्रहालयात दीड तास उशीर झाला तर फारसे बिघडत नाही, परंतु त्या दिवशी भरती सव्वाआठच्या सुमारास पूर्ण झाली होती आणि आम्ही वल्ही हातात घेतली तेव्हा खाडीतले पाणी उतरायला लागले होते. आपल्या एका गटाच्या उशिराने दुसऱ्या गटाच्या वाट्याचे पाणीच निघून जाते, ही गोष्ट आयोजकांना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक चांगली ठाऊक असणार. म्हणूनच नऊ जणांसाठी वेळेवर आलेल्या पाच जणांना थांबवणे मला अयोग्य वाटले.

लाइफ जॅकेटच्या बाबतीतही पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. मुलाला दिलेले जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचे होते. पट्टे आवळल्यावर ते वरवर ठीक दिसत होते, पण माझ्या पतींनी दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून वर ओढले तेव्हा जॅकेट थेट त्याच्या कानांपर्यंत सरकले. पाण्यात पडल्यावर नेमके हेच घडते. जॅकेट तरंगते आणि मूल त्यातून खाली घसरते. आम्ही हरकत घेतल्यावर गाइडने गाडीच्या मागच्या भागातून लहान मापाचे, पायांमधून पट्टा घेणारे जॅकेट काढून दिले आणि स्वतः बसवून पाहिले. योग्य वस्तू त्यांच्याजवळ होती, पण ती आधी द्यायला हवी होती. मुलाचे वय त्यांना फोनवर कळलेलेच होते.

त्या दिवशी आम्ही १४ पर्यटक आणि दोन गाइड, असे ८ कयाकमधून निघालो. सगळ्या कयाक दोघांच्या, वर बसायच्या आणि रुंद बुडाच्या होत्या. त्या सहसा कलंडत नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाने घाबरण्याचे कारण नाही. सासूबाईंना पुढे बसवून चोडणचाच रहिवासी असलेला गाइड मागे बसला, आणि पाच मिनिटांत त्यांचा अवघडलेपणा गेला. मुख्य पात्रातून वळून आम्ही फेरीचे खरे आकर्षण असलेल्या खाडीच्या अरुंद फाट्याच्या तोंडाशी आलो तेव्हा दहा वाजत आले होते आणि तिथे जेमतेम वीतभर पाणी उरले होते. पहिल्या दोन कयाक कशाबशा आत गेल्या, तिसरी चिखलात बसली. गाइड गुडघाभर चिखलात उतरून एकेक कयाक ढकलू लागला, मागे उरलेल्यांपैकी काहींनी आधारासाठी खारफुटीची मुळे धरली आणि एका तरुणाच्या तळहाताला चांगलीच जखम झाली, कारण त्या मुळांवर कालवे, म्हणजे शिंपल्यांचे जीव, चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. मुळांना हात लावू नका, ही सूचना निघण्यापूर्वी सर्वांना मिळायला हवी होती. शेवटी फाट्यात जाण्याचा बेत सोडून आम्ही बाहेरच्या काठानेच फिरलो आणि एक तास दहा मिनिटांत फेरी आटोपली.

असे असले तरी ती सकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण ओहोटीने खारफुटीची तळाकडची बाजू उघडी पाडली होती. काठाचा चिखल ओल्या चकाकीने पसरला होता आणि त्यातून तिवरांची श्वासमुळे पेन्सिलीच्या जाडीची, वीत-दीड वीत उंचीची, शेकड्यांनी वर आलेली होती. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून ही मुळे उलटी वर वाढतात आणि पाणी उतरले की त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाडाला हवा मिळते. त्यांच्या मधून निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर वावरतो, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो. लहान खेकड्यांचे नर आपली एकच भलीमोठी नांगी वर-खाली करत बिळांच्या तोंडाशी उभे होते. मुलाने त्यांच्याकडे पाहत वल्हे मांडीवर ठेवून दिले आणि नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

सासूबाईंचे माहेर जैतापूरच्या खाडीकाठचे. लग्नानंतर देशावर आलेल्या या बाईंना मी गेली १७ वर्षे ओळखते, पण त्यांच्या बालपणातील खाडी माझ्यासमोर कधीच आली नव्हती. काठाशी कयाक थांबताच त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्याकडचंच तिवर." मग कोणते कांदळ, कोणती चिपी, पानांना काटे असलेली मारांडी कोणती, हे त्या एकेक करून दाखवू लागल्या, आणि गाइड त्या प्रत्येक झाडाचे चोडणमधले नाव सांगू लागला. लहानपणी ओहोटीला मैत्रिणींबरोबर कालवे फोडायला जात असू, पायांना कापू नये म्हणून जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळत असू, हे त्यांनी नातीला सांगितले. ही गोष्ट मीदेखील त्या दिवशी प्रथमच ऐकली. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला आहे, हे माझ्या मुलीने आजीला सांगितले, तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

गाइडच्या ज्ञानाबद्दल मी मोकळ्या मनाने पूर्ण गुण देईन. काठावरच्या बांधात बसवलेले मानस त्याने आम्हांला थांबून दाखवले. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ते आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे शेतातले जादा पाणी निघून जाते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. त्या वेळी झडपा उघड्या होत्या आणि पाणी खळाळत बाहेर येत होते. या बांधांमागच्या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात आणि तिथे खारेपणा सोसणारे कोरगुट भात घेतले जाते. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेऊन बांध राखते. पण शेती सोडून दिली, बांध फुटला आणि कोणी डागडुजी केली नाही, तर काही वर्षांत शेतातही खारफुटीच उभी राहते. पलीकडच्या दाट हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवून गाइड म्हणाला, "माझा आजा तिथं भात काढायचा." पर्यटकाला नुसती हिरवाई दिसते त्या जागी गावच्या माणसाला आपले शेतही दिसते, आणि ते त्याने कोणताही आव न आणता सांगितले.

दुपारी मी आयोजकांना फोन करून उशीर, चिखल आणि जॅकेट या तिन्ही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या. त्यांनी वाद घातला नाही की सबबी सांगितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, जादा पैसे न घेता, लहान गटातून पुन्हा नेतो, असे त्यांनी लगेच कबूल केले. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती नऊच्या सुमारास पूर्ण होणार होती, हे या वेळी मी विचारून घेतले.

त्या दिवसाचा उरलेला वेळ जुन्या गोव्यात घालवला. बाँ जेझुस बॅसिलिका (बांधकाम १५९४ ते १६०५) आणि समोरचे से कॅथेड्रल यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे एवढेच सांगते की संध्याकाळी चारनंतर जावे. गर्दी ओसरलेली असते आणि बॅसिलिकेच्या उघड्या जांभ्या दगडावर तिरपे ऊन छान पडते. सासूबाईंना वाटेत बसायला जागा मिळतात.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गाडी धक्क्यावर उभी होती. आमच्याखेरीज एक जोडपे आणि तोच गाइड, अशा चार कयाक निघाल्या. लहान जॅकेट आधीच बाजूला काढून ठेवले होते, आणि मुळांना हात लावू नका, ही सूचना सर्वांत आधी मिळाली. काल ज्या फाट्याच्या तोंडाशी आम्ही अडकलो होतो तिथे आज वल्हे उभे धरले तरी तळ लागत नव्हता. श्वासमुळांचे ते रान पाण्याखाली नाहीसे झाले होते, मानसच्या झडपा घट्ट मिटल्या होत्या, आणि कालची उंच झाडे आज आमच्या खांद्यापासून सुरू होत होती. फाट्यात शिरल्यावर दोन्ही काठांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत मिसळल्या, पाण्यावर हिरवट सावली पसरली आणि वल्ह्यांवरून ओघळणाऱ्या थेंबांचा आवाजही ऐकू येऊ लागला. पाण्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या तंतूंचे पुंजके तरंगत होते. ते चिपीच्या फुलांचे पुंकेसर होते; ही फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांच्याकडे येतात आणि सकाळपर्यंत तंतू गळून पडतात. गाइडने तिवराचे एक पान खुडून मुलांना त्याच्या पृष्ठभागाला जीभ लावून पाहायला सांगितले. खाऱ्या पाण्यातले मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते आणि नीट पाहिले तर त्याचे कण डोळ्यांनाही दिसतात. कांदळाच्या फांद्यांवर हातभर लांबीची, भाल्यासारखी टोकदार रोपे लटकलेली होती. बी झाडावर असतानाच रुजते आणि तयार रोप खाली पडून चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर दूर निघून जाते.

फाट्याच्या शेवटी आम्ही बांधावर दहा मिनिटे उतरलो. तिथे वाळलेल्या, माशांच्या खवल्यांनी चमकणाऱ्या विष्ठेचा एक ढीग होता. ती पाणमांजरांची, असे गाइडने सांगितले. ती एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येतात. प्रत्यक्ष पाणमांजर काही दिसले नाही, पण खंड्या, पाणकावळे आणि ब्राह्मणी घारी भरपूर दिसल्या. मगरींविषयी मुलाने विचारलेच. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि आमची फेरी तिकडे जात नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. त्याच परिसरात, भोम गावाच्या बाजूला, पौष अमावस्येला शेतकरी खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात आणि त्या विधीला मांगे थापणी म्हणतात, हेही त्याने सांगितले. या फेरीत आम्ही पुरते दोन तास पाण्यावर होतो आणि एकदाही घाई केली गेली नाही.

सोयींच्या बाबतीत काही उणिवा दोन्ही दिवशी राहिल्या. कपडे बदलायला आडोसा नाही. जवळच्या एका घरातील स्वच्छतागृह वापरू देतात, पण ते आपण विचारल्यावर. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची छोटी पाण्याची बाटली दिली जाते, आणि पहिल्या दिवशी त्यांतली एक वाऱ्याने उडून तिवरांत अडकलेली मी पाहिली. ज्या खाडीवर हा व्यवसाय चालतो तिथे भरलेला पिंप आणि घरून आणलेल्या बाटल्या सहज चालतील, असे मी त्यांना सांगितले आहे. नाश्ता मात्र उत्तम होता: गरम पाव, तोंडलीची भाजी आणि चहा. फेरीला जाताना मागे पट्टा असलेल्या सँडल घालाव्यात, कारण साध्या चपला चिखल ओढून घेतो. पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा आणि दोरीची टोपी असावी, आणि मोबाइलसाठी ते देतात ती ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) आधी बंद करून, दाबून, हवा सुटत नाही ना हे तपासून घ्यावे. सहा-सात वर्षांच्या आतील मुलांना मी नेणार नाही. ज्येष्ठांना गाइडबरोबर बसवत असतील तर निःशंकपणे न्यावे.

तिसऱ्या दिवशी गाडीसह फेरीबोटीने दिवाडी बेट ओलांडून, पुढे दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला गेलो आणि श्री सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. कदंब राजांच्या या दैवताचे मूळ देवालय दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर नदीपलीकडे नार्व्याला देवाची पुन्हा स्थापना झाली आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. प्रवेशद्वारावरील शिलालेखात शके १५९० हे वर्ष मुलाने स्वतः वाचून काढले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या दुरुस्तीनंतर मंदिर फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले असून काम नेटके, जुन्या रूपाला धक्का न लावता झाले आहे. दिवाडीवरून नार्व्याकडे जाताना दोन्ही बाजूंना खाजने आणि खारफुटी लागते. आदल्या दिवशी पाण्यातून पाहिलेले मानस मुलांनी गाडीतून ओळखले. कोल्हापूर-सांगलीकडून जाणाऱ्यांनी हा अर्धा दिवस जरूर राखून ठेवावा.

फेब्रुवारीत माझ्या नणंदेने त्याच आयोजकांकडे चौघांचे बुकिंग केले. तिला आलेला संदेश तिने मला पाठवला. त्यात पहिल्याच ओळीत त्या दिवशीची भरतीची वेळ होती, दुसऱ्या ओळीत मुलांचे वय आणि वजन विचारले होते, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, असे खाली लिहिले होते. पाण्याच्या बाटल्या घरून आणाव्यात, ही सूचना त्यात अजून नव्हती. ती मी तिला कळवली.